काळजाचा हिशेब

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दी व्याख्यानमालेत एक पुष्प विज्ञानविषयक असावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते गुंफण्याचे काम माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाकडे सोपविले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. त्यात माझीही भुवई होती. मी कबूल झालो त्याला कारण आहे. गेली काही वर्षे एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला आहे. त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या विषयाचे कुंपण ओलांडावे लागले आणि जे हाती आले ते मराठीत सांगता येते की नाही, हे मला पाहावयाचे होते. ते पाहण्यासाठी या सभागृहाइतकी दुसरी योग्य जागा मला ठाऊक नाही.

आजचा विषय आहे यकृताच्या पेशींतील चयापचयाचे गणिती प्रतिमान. शब्द जड आहेत, म्हणून आरंभ एका सोप्या शब्दाने करतो. तो शब्द म्हणजे 'काळीज'. काळजाचा तुकडा, काळजाचा ठोका, काळीज पिळवटणे, काळजाला घरे पडणे असे आपण नित्य बोलतो आणि बोलताना छातीच्या डाव्या बाजूला हात नेतो. परंतु 'काळीज' हा शब्द संस्कृत 'कालेय' पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ यकृत असा आहे. मोल्सवर्थच्या कोशातही हाच अर्थ आढळेल. खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागणाऱ्याला आजही यकृतच मिळते. आपल्या पूर्वजांनी माया, धैर्य आणि दुःख यांचे घर उजव्या बरगडीखाली मानले होते. आयुर्वेदानेही रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितले. पुढे केव्हातरी आपण काळजाचे ठिकाण बदलले आणि यकृत वैद्यांच्या स्वाधीन करून विसरून गेलो.

मला त्याची आठवण झाली ती माझ्या थोरल्या बंधूंमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आपल्यापैकी पुष्कळांना ते आठवत असतील. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात त्यांनी उभी हयात काढली. या ग्रंथालयाचे ते पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ सभासद होते. दर शनिवारी सायंकाळी पुस्तक बदलावयाचे, मग सुलतान बाजाराच्या बाजूला जाऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घ्यावयाची, हा त्यांचा नेम. सुपारीच्या खांडापलीकडे त्यांना व्यसन नव्हते. मधुमेह मात्र पन्नाशीतच जडला होता.

२०१९ च्या पावसाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, अण्णा गेले. यकृत निबर होऊन आक्रसले होते. पोटात पाणी साठले होते. निदान झाले त्या दिवशी एका ठिकाणी कागद भरून घेणाऱ्या माणसाने वहिनींना सहज विचारले, "किती वर्षे घेत होते?" वहिनींना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुढे तोच प्रश्न आप्तांनी विचारला, शेजाऱ्यांनी न विचारता विचारला. तेराव्याला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "माणूस चांगला होता, पण..." आणि वाक्य अर्धवट सोडले. ते अर्धवट वाक्य पुरे करावे म्हणून मी आज उभा आहे.

अण्णांची कन्या, माझी पुतणी, परगावी एका संशोधनसंस्थेत काम करते. गणित हा तिचा विषय. यकृताच्या पेशीत काय घडते ते समीकरणांत मांडणे, हे तिच्या गटाचे काम आहे. मी तिला एवढेच विचारले होते की, न पिणाऱ्या माणसाचे यकृत असे का व्हावे? तिने शरीरातील रासायनिक क्रियांचा एक मोठा तक्ता माझ्यापुढे पसरला. शेकडो नावे आणि त्यांना जोडणारे बाण. मी म्हटले, "मग उत्तर यात असेलच." ती म्हणाली, "काका, यात नुसते रस्ते दिसतात. रहदारी दिसत नाही." आजच्या माझ्या व्याख्यानाचे सूत्र हेच आहे.

चयापचय हा शब्द किती नेमका आहे पाहा. चय म्हणजे साठविणे, रचणे. अपचय म्हणजे झिजणे, मोडणे. दोन विरुद्ध क्रिया एकाच शब्दात नांदतात, तशाच त्या एका पेशीतही एकाच वेळी चालू असतात. आणि त्या चालू असतात, म्हणजेच त्यांचा काळाशी संबंध असतो, ही गोष्ट विज्ञानाच्या ध्यानात कशी आली त्याची हकीगत मोठी बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोद बर्नार नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. साखर फक्त वनस्पती तयार करतात, प्राणी ती केवळ जाळतात, असा त्या काळी समज होता. १८४८ मध्ये बर्नारला असे आढळले की, केवळ मांसावर पोसलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते. ती येते कोठून? यकृतातील साखर मोजताना प्रत्येक मोजणी दोनदा आणि लागोपाठ करण्याची त्याची पद्धत होती. एके दिवशी वेळ अपुरा पडला, म्हणून एक मोजणी त्याने लगेच केली आणि दुसरी दुसऱ्या दिवसावर टाकली. दोन्ही आकडे जुळेनात. दुसऱ्या दिवशी साखर पुष्कळच अधिक निघाली. दुसरा कोणी असता तर चूक समजून त्याने आकडा खोडला असता. बर्नारने तसे केले नाही. त्याने नुकत्याच काढलेल्या यकृतातून पाण्याचा प्रवाह सोडून सारी साखर धुऊन काढली, यकृतात साखर उरली नाही याची खात्री केली आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा विपुल साखर होती. यकृत साखर बनवीत होते. ज्या साठ्यातून ती बनत होती तो पदार्थ त्याने १८५७ मध्ये वेगळा केला. तोच ग्लायकोजेन.

या शोधात नवे उपकरण काहीच नव्हते. होता तो केवळ मधला एक दिवस. एकाच वस्तूकडे दोन वेगळ्या वेळी पाहिल्यामुळे ती वस्तू बदलते आहे हे दिसले. स्थिर चित्राची जागा गतीने घेतली ती येथे.

आता काही आकडे सांगतो. अण्णा असते तर त्यांनीच आधी मागितले असते. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रवेशिनी शिरेने येते, म्हणजे जेवणातील बराचसा माल आधी या नाक्यावर तपासला जातो. निरोगी माणसाच्या सर्व रक्तात मिळून साखर असते अवघी पाच ग्रॅमच्या आसपास, चहाचा एक चमचाभर. एकट्या मेंदूलाच तासाला सुमारे पाच ग्रॅम साखर लागते. म्हणजे रक्तातील साखर हा साठा मानला तर तासाभरात दिवाळे वाजावे. ते वाजत नाही, कारण रात्रीच्या उपासानंतर यकृत तासाला सुमारे सात ग्रॅम साखर रक्तात सोडीत असते. त्यासाठी त्याच्याजवळ ऐंशी ते शंभर ग्रॅम ग्लायकोजेनची शिल्लक असते. आमच्याकडच्या साबुदाण्याच्या 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उपासाला ती पुरून उरते. खरी निर्जळी एकादशी केली तर दिवसभरात ती संपत येते आणि यकृत प्रथिनांच्या घटकांपासून, स्नायूंनी सोडलेल्या लॅक्टिक आम्लापासून नवी साखर रचू लागते.

अण्णा मला लहानपणी जमाखर्च शिकवीत तेव्हा म्हणत, "रोकड किती आहे हे आधी विचारू नकोस. रोज येते किती आणि जाते किती ते विचार. रोकड काय, आपोआप कळते." गणिती प्रतिमानाचा पाया याहून वेगळा नाही. कोणत्याही पदार्थाच्या साठ्यातील बदलाचा वेग म्हणजे त्याची आवक वजा जावक. पेशीतील प्रत्येक पदार्थासाठी असे एक वाक्य लिहावयाचे. गणितात त्याला अवकल समीकरण म्हणतात. नाव भीतिदायक असले, तरी ते खातेवहीचे एक पान आहे. अडचण एवढीच की, एका पानावरची जावक दुसऱ्या पानावरची आवक असते, आणि आवक-जावकीचे वेग स्थिर नसतात. साठा बदलला की वेग बदलतात, वेग बदलले की साठा बदलतो.

हे वेग ठरतात कसे? पेशीतील प्रत्येक क्रिया घडवून आणणारा एक मध्यस्थ असतो. त्याला विकर म्हणतात. १९१३ मध्ये बर्लिन येथे लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन या विदुषीने विकराच्या वेगाचा नियम मांडला. आपल्याला तो देवघेव विभागाच्या खिडकीवर समजेल. खिडकीशी एकच सेवक आहे असे समजा. दुपारी वाचक तुरळक असतात, तेव्हा वाचक दुप्पट झाले की पुस्तकांची देवघेवही दुप्पट होते. शनिवारी सायंकाळी मात्र रांग दाराबाहेर गेली, तरी तासाला जितकी पुस्तके नोंदविणे त्याला शक्य आहे तितकीच तो नोंदवील. आरंभी वेग वाचकांवर अवलंबून असतो, शेवटी सेवकावर. कोणत्या गर्दीत त्याचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, ही त्या सेवकाची ओळख.

येथेच यकृताचे वैशिष्ट्य दिसते. साखर पेशीत अडकवून ठेवणारे जे विकर मेंदूत व स्नायूंत असते, ते अगदी थोड्या साखरेतच पूर्ण वेगाला पोहोचते. गरजवंताला गर्दीची वाट पाहता येत नाही. यकृतातील त्याचे भावंड, ग्लुकोकायनेज, हे रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे एकशेचाळीस मिलिग्रॅमच्या आसपास गेली म्हणजे निम्म्या वेगाला येते. म्हणून साखर कमी असता यकृत हात आखडते आणि जेवणानंतर ती वाढली की भराभर उचलू लागते. सर्वांचे भागल्यावर आपल्या पानात वाढून घेणाऱ्या घरातल्या कर्त्या बाईसारखे त्याचे वागणे असते. हा स्वभाव तक्त्यावरच्या बाणात दिसत नाही. तो वेगाच्या आकड्यात असतो.

आकड्यांचा विषय निघाला म्हणून आपल्या या तेलुगू मुलुखातील एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये बोस्टनला गेले. तेथे सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी १९२५ मध्ये शरीरातील फॉस्फरस अचूक मोजण्याची पद्धत सिद्ध केली. त्या मोजणीच्या वाटेने जात त्या दोघांनी १९२९ मध्ये एटीपी हा पदार्थ स्नायूंतून वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. पेशीतील ऊर्जेचा सर्व व्यवहार ज्या नाण्यात चालतो ते हे नाणे. यकृताच्या प्रत्येक प्रतिमानात त्याचे खाते उघडावेच लागते. आधी मोजणारा येतो, मग समीकरण लिहिणारा येतो, हे आपण विसरू नये.

पेशीतील रस्ते सरळ नसून वर्तुळाकार असू शकतात, हे १९३२ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स क्रेब्ज आणि त्यांचा विद्यार्थी कुर्ट हेन्झेलाइट यांनी दाखविले. प्रथिने मोडली की अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. यकृत त्याचे निरुपद्रवी युरियात रूपांतर करून मूत्रावाटे बाहेर घालविते. उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्या द्रावणात जिवंत ठेवून क्रेब्ज युरिया तयार होण्याचा वेग मोजीत होते. ऑर्निथिन नावाचा पदार्थ घातला की वेग झपाट्याने वाढे, पण ऑर्निथिन खर्च होत नसे. ते क्रियेत शिरे आणि अखेरीस जसेच्या तसे बाहेर पडे, विहिरीवरच्या रहाटाच्या पोहऱ्यासारखे. यावरून हे चक्र असल्याचे उमगले. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू म्हणून क्रेब्ज यांना नोकरीवरून काढले. ते इंग्लंडला गेले आणि त्यांनी तेथे आणखी प्रसिद्ध असे दुसरे चक्र शोधले. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

श्रोतेहो, या रहाटाची गती मंदावली म्हणजे काय होते ते मी पाहिले आहे. शेवटच्या तीन महिन्यांत अण्णा दिवसा झोपत आणि रात्री जागत. हात पुढे केला की तो थरथरे. एके दिवशी दूधवाल्याचे बिल त्यांच्यापुढे ठेवले. ज्या माणसाने हजारो पानांचे ताळेबंद जुळविले होते, त्याला दोन ओळींची बेरीज जमेना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि कागद उलटा करून ठेवला. आम्हाला वाटले, वय झाले, मन खचले. मागाहून कळले की यकृत निबर झाले म्हणजे अमोनिया पुरता निपटला जात नाही, काही रक्त तर यकृताला वळसा घालूनच पुढे जाते आणि हे विष मेंदूवर अंमल करते. त्या दिवशी मी त्यांच्यावर थोडा रागावलो होतो. हे मला आधी माहीत असते तर रागावलो नसतो.

आता संगणकाकडे वळू. १९४३ मध्ये ब्रिटन चान्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका विकराच्या क्रियेची समीकरणे दातेरी चक्रांच्या यांत्रिक गणकावर सोडवून प्रयोगाशी ताडून पाहिली. पुढे विद्युत संगणक आले आणि एकाच्या जागी अनेक विकरांची गुंतवळ सोडविता येऊ लागली. १९७३ मध्ये एडिंबरा येथील काक्सर आणि बर्न्स यांनी आणि १९७४ मध्ये पूर्व बर्लिनमधील हाइनरिख व रापोपोर्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक महत्त्वाचा विचार मांडला. त्यापूर्वी असे मानीत की, क्रियांच्या साखळीत कोणतीतरी एकच पायरी सर्वांत मंद असते आणि सगळ्या साखळीचा वेग तीच ठरविते. कामाला उशीर झाला की एका कारकुनाला धरावयाचे, तसा हा प्रकार. या चौघांनी गणिताने दाखविले की, साखळीवरचे नियंत्रण सामान्यतः अनेक पायऱ्यांत वाटलेले असते. कोणाचा वाटा मोठा, कोणाचा लहान. परिस्थिती पालटली की वाटेही पालटतात.

मला हा विचार विज्ञानाइतकाच नीतीचा वाटतो. एकच अपराधी शोधण्याची आपल्याला केवढी घाई असते!

एकविसाव्या शतकात या कामाला वेग आला. २०१० मध्ये 'हेपॅटोनेट-१' हा मानवी यकृतपेशीचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात ७७७ पदार्थ आणि २५३९ क्रिया आहेत. मात्र तो मुख्यतः रस्त्यांचा नकाशा आहे. २०१२ मध्ये बर्लिनच्याच शारिते या वैद्यकीय संस्थेतील क्योनिग, बुलिक आणि होल्त्सह्यूटर यांनी साखरेच्या व्यवहारापुरते, पण खरोखर गतीचे प्रतिमान मांडले. साखर मोडणे, नवी रचणे, ग्लायकोजेन साठविणे आणि सोडणे, आणि या सर्वांवर चालणारी इन्शुलिन, ग्लुकॅगॉन, ॲड्रिनॅलिन या संप्रेरकांची हुकमत, हे सारे त्यात आहे. यकृत केव्हा घेणारे असते आणि केव्हा देणारे होते, ते त्यातून आकड्यांनी सांगता येते.

शिवाय यकृतातील सगळ्या पेशी सारख्या नसतात. यकृत लहान लहान षटकोनी खंडिकांचे बनलेले असते. रक्त कडेने शिरते आणि मध्यावरच्या शिरेतून बाहेर पडते. कडेच्या पेशींना प्राणवायू अधिक मिळतो. त्या साखर आणि युरिया बनविण्यात पुढे असतात. मध्याजवळच्या पेशी मेद रचणे आणि औषधांचा निचरा करणे ही कामे अधिक करतात. कडेच्या पेशींच्या हातून निसटलेला अमोनियाही याच पेशी टिपून घेतात. एकच पेशी सोडवून भागत नाही. पेशींची रांग सोडवावी लागते, कारण एकीचे उरलेले दुसरीच्या वाट्याला येते.

आता अण्णांचा प्रश्न. यकृतात मेद साठतो तो मद्यामुळेच, ही समजूत सार्वत्रिक आहे. मद्याने यकृत बिघडते हे खरेच आहे. परंतु ते एकमेव कारण नव्हे. यकृतातील मेदाच्या खात्यावर आवक तीन वाटांनी होते. शरीरातील चरबीतून सुटलेली मेदाम्ले, जेवणातील मेद, आणि यकृताने स्वतः साखरेपासून रचलेला मेद. जावक दोन वाटांनी होते. एक, तेथेच जाळून. दुसरी, वेष्टनात बांधून रक्तावाटे बाहेर धाडून. २००५ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासगटाने असा आजार असलेल्या नऊ व्यक्तींच्या अन्नात आणि रक्तात खुणेचे अणू सोडून हा हिशेब प्रत्यक्ष मोजला. यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के चरबीतून सुटलेल्या मेदाम्लांतून आला होता, सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः रचला होता आणि अवघा १५ टक्के जेवणातील मेदातून आला होता.

मधुमेहात याला एक विचित्र वळण लागते. इन्शुलिन यकृताला दोन आज्ञा करते. साखर सोडणे थांबव, आणि आलेल्या साखरेचा मेद करून ठेव. आजारी यकृत पहिली आज्ञा ऐकेनासे होते आणि दुसरी पाळीत राहते. म्हणून रक्तात साखरही वाढते आणि यकृतात मेदही. दोन्ही बाजूंनी तोटा.

मी हौसेने एक हिशेब मांडला. जावकीपेक्षा आवक रोज अर्धा ग्रॅम अधिक धरली, तर वर्षाला एकशेऐंशी ग्रॅमहून अधिक मेद साठेल, म्हणजे दीड किलोच्या यकृतात बारा टक्के. पाच टक्क्यांच्या वर मेद गेला की यकृत मेदयुक्त झाले असे समजतात. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम पुरे! मी हे मोठ्या अभिमानाने पुतणीला दाखविले. ती हसली. "काका, तुमच्या हिशेबाने नऊ वर्षांत यकृतात मेदाशिवाय काही उरणारच नाही." माझी चूक अशी होती की, आवक आणि जावक मी कायमची ठरवून टाकली होती. साठा वाढला की जाळण्याचा आणि बाहेर धाडण्याचा वेगही काही प्रमाणात वाढतो आणि खाते एका नव्या, अधिक उंचीच्या पातळीवर स्थिरावते. बाहेरून पाहता सारे शांत असते. माणूस कामावर जातो, शनिवारी पुस्तक बदलतो. आत मात्र ते ओझे वाहताना काहींच्या पेशी सुजतात, मरतात, त्यांच्या जागी व्रणाचे तंतू येतात आणि वीस वर्षांनी पाय सुजला म्हणून माणूस दवाखान्यात जातो. चुकलेल्या प्रतिमानाने मला जे शिकविले ते बरोबर आलेल्या बेरजेने शिकविले नसते.

प्रतिमानाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातील कित्येक आकडे उंदरांच्या यकृतावरून आणि परीक्षानळीतल्या विकरांवरून घेतलेले असतात. प्रत्येक माणसाचे यकृत, त्याचे अनुवंशशास्त्र, त्याचे आयुष्य वेगळे असते. प्रतिमान म्हणजे यकृत नव्हे, जसे व्याकरण म्हणजे भाषा नव्हे. व्याकरणाने कोणी बोलायला शिकत नाही, पण बोलणे कोठे अडते ते व्याकरणाने कळते. कोणत्या औषधाने कोणता प्रवाह अडेल आणि त्याचा परिणाम कोठे उमटेल, हे आधी कागदावर अजमावता आले तर पुढचे प्रयोग डोळसपणे करता येतात. एवढे या शास्त्राचे आजचे सामर्थ्य आहे आणि ते थोडे नाही.

आता भाषेविषयी. २०२३ मध्ये जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचे इंग्रजी नावच बदलले. जुन्या नावात 'मद्याविना' आणि 'चरबीयुक्त' असे दोन्ही शब्द होते. पहिला शब्द न पिणाऱ्यालाही मद्याच्या संदर्भात उभा करी, दुसरा त्याला हिणवी. नव्या नावात चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख आहे. म्हणजे वहिनींना विचारलेल्या त्या प्रश्नाची दखल, वेगळ्या रीतीने का होईना, शास्त्राला घ्यावी लागली. आपल्या केंद्र शासनानेही २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. वेळीच कळले तर तो मागे फिरू शकतो. वजन सात ते दहा टक्के उतरले तर यकृतावरची सूजही ओसरते असे आढळले आहे. पण वेळीच कळावे यासाठी तो बोलता आला पाहिजे, आणि लाज वाटत असली की माणूस बोलत नाही. मराठीत या आजाराला घरोघर रुळलेले नाव अजून नाही. माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकांनी यात लक्ष घालावे, असे मला मनापासून वाटते. नाव सोपे असावे आणि ते कोणाला आरोपी करणारे नसावे.

अण्णा घेत नव्हते, हे मी येथे सर्वांसमक्ष सांगितले. पण गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या मनात आणखी एक विचार आला आहे. समजा, घेत असते, तर? तर त्यांच्या थरथरत्या हाताची, उलट्या ठेवलेल्या त्या कागदाची किंमत कमी झाली असती का? ज्याचे यकृत मद्याने गेले त्याच्याही खात्यावर असंख्य आवकी-जावकी असतात आणि त्यांतील एकच आपल्याला बाहेरून दिसते. नियंत्रण वाटलेले असते हे गणिताने सांगितले. ते आपण माणसांविषयी बोलतानाही ध्यानात ठेवावे.

शेवटी ग्रंथालयाविषयी दोन शब्द. शताब्दीनिमित्त आपण ग्रंथसंख्या मोजली आणि ती भूषणावह आहे. परंतु कपाटातील ग्रंथ ही शिल्लक झाली. ग्रंथालयाचे जीवित देवघेव नोंदवहीत असते. या मुलुखात मराठी शाळा रोडावल्या, घरांतली मराठी पातळ झाली. रोज पुस्तके किती जातात, परत किती येतात, नवा वाचक आठवड्याला एक तरी येतो का, हे आकडे आपण दर महिन्याला फलकावर लिहावेत अशी माझी विनंती आहे. चांगले नसले तरी लिहावेत. बर्नारने न जुळणारा आकडा खोडला नाही म्हणून त्याला सत्य सापडले.

अण्णा गेल्यावर त्यांच्या उशाशी या ग्रंथालयाचे एक पुस्तक होते. मुदत उलटून सात आठवडे झाले होते. मी ते परत करावयास आलो आणि दंड विचारला. खिडकीवरच्या सेवकाने त्यांचे कार्ड पाहिले, तारीख पाहिली आणि दंडाच्या रकान्यात शून्य लिहिले. मग तो म्हणाला, "त्यांचा हिशेब कधीच चुकला नाही, सर." तेराव्याला अर्धवट राहिलेले ते वाक्य माझ्यापुरते तेथे पूर्ण झाले.